तिसऱ्या रांगेतली डावी जागा

शनिवारी सकाळी नऊला परदेशी बाई येणार म्हणून नामहेंग गावातल्या बाप्यांनी शुक्रवारीच न्हाव्यापुढे रांग लावली. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला रबरी सपाता घालून जाणारी माणसं ही! आणि आता बघावं तर एकेकाचं डोकं तुळतुळीत. कुळाच्या देवळामागच्या स्वैपाकघरातून क्वाइलान हे पाहत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

पाचव्या महिन्याची पंचमी म्हणजे होडीचा सण, यंदा नेमका शनिवारी. ऐंशी बाप्ये होडी वल्हवत शेजारच्या गावी जाणार, तिथे मानाच्या तीन फेऱ्या मारणार, परत येऊन अंगणातल्या टेबलांवर जेवणार. त्या जेवणाची मुखत्यार क्वाइलान, आज सव्वीस वर्षं. तीस कोंबड्या, दोन डुकरं, भाताच्या अकरा कढया, आणि हाताखाली गावातल्या एकोणीस सुना. बायकांचा सण एवढाच. होडीला त्यांनी बोट लावायचं नाही. ती वर्षभर तळ्याच्या चिखलात गाडलेली असते, चौथ्या महिन्याच्या अष्टमीला बाप्ये तिला खणून काढतात, घासूनपुसून लख्ख करतात, तेव्हाही बायकांनी काठावरूनच बघायचं. का, तर होडीतल्या ड्रॅगनला बाई चालत नाही म्हणे. ड्रॅगनने हे नेमकं कोणाच्या कानात सांगितलं, ते आजवर कोणी बोललेलं नाही.

होडीतली जागा बापाकडून मुलाला जाते. तिसऱ्या रांगेतली डावी जागा क्वाइलानच्या नवऱ्याची, याउतिनची. तीस वर्षं त्याने ती सोडली नाही, ताप असला तरी जाऊन बसायचा. तो गेल्या सालाच्या आदल्या साली वारला. मुलगा नव्हता, म्हणून जागा गेली पुतण्याला, चीपांगला, ज्याचं पोट आधी होडीत चढतं आणि बाकीचा तो मागाहून. यंदा त्याच्या कंपनीने त्याला सणाच्या दिवशीच कामाला लावलं. जागा रिकामी राहिली.

आणि घरात मुलगी होती. छिनयू. बावीस वर्षांची, खांदे बापासारखे, विद्यापीठाच्या संघातून होड्यांच्या शर्यतीत दोनदा सुवर्णपदक आणलेली. तिचा पदक घातलेला फोटो कुळाच्या देवळात टांगला होता, चांगला हातभर मोठा. येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवून सांगायचे, "ही आमची." शिक्षण संपलं होतं. पुढच्या आठवड्यात ती नोकरीला हार्बिनला निघणार होती, पार उत्तरेला, जिथे अर्धं वर्ष नदीचा बर्फ होतो. पुन्हा सणाला सुट्टी मिळेल याचा काही भरवसा नव्हता. तिची मागणी एकच होती: एकदा, फक्त एकदा, बाबांच्या जागेवर बसून ती होडी वल्हवायची.

अष्टमीला होडी चिखलातून निघाली त्याच दिवशी तिने पाकछिउ काकांना विचारलं. पाकछिउ काका होडीमंडळाचे प्रमुख, वय चौऱ्याहत्तर, याउतिनचे सख्खे चुलते. त्यांनी आधी कानात करंगळी फिरवली.

"अगं पोरी, तू हुशार आहेस, सगळं खरं. पण होडी म्हणजे काय तुमच्या विद्यापीठातलं प्लास्टिक आहे का? शंभर वर्षांत बाईचा पाय लागलेला नाही तिला."

"पण काका, जागा रिकामीच आहे ना."

"रिकामी राहील. रिकाम्या जागेने ड्रॅगन कोपत नाही."

छिनयू घरी येऊन ढसाढसा रडली, आणि क्वाइलान तिला काय म्हणाली? म्हणाली, "गप बस. मोठ्यांपुढे तोंड चालवू नये. मी सव्वीस वर्षं काठावरून बघितलं, मला काय झालं?" बोलताबोलताच तिला जाणवलं की आपल्याला बरंच काही झालंय. पण शब्द तर निसटून गेला होता.

गुरुवारी तालुक्याच्या कचेरीतला साहेब गाडी घेऊन आला. कँटनमध्ये इंग्रजी शिकवणारी एक परदेशी बाई आहे, ब्रायोनी नाव. दर शनिवार-रविवारी कुठला ना कुठला सण गाठते, त्याचा व्हिडिओ करते, लाखो लोक बघतात. ती येणार आहे. नुसती बघणार नाही, होडीत बसणार आहे. गावाचं नाव जगभर होईल. रस्त्याचं रखडलेलं काम कचेरी मनावर घेईल.

काकांनी करंगळी कानात घातली ती बाहेर काढायचंच विसरले.

"बसायला काय... पण ती बाई आहे ना?" कोणीतरी विचारलं.

काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "ती पाहुणी आहे. पाहुण्याला बाई-बाप्या असं नसतं. आणि ड्रॅगन इथला, त्याला परदेशी बाई कुठली कळायला!"

सगळे हसले. सगळ्यांना पटलं. शंभर वर्षांचा नियम चहा निवायच्या आत निकालात निघाला. जागा कुठली द्यायची? जी रिकामी होती ती. तिसऱ्या रांगेतली डावी.

क्वाइलान तेव्हा चहाच ओतत होती. तिने किटली खाली ठेवली आणि आत गेली. आत जाऊन तिने अर्धा शेर लसूण नुसता ठेचला, जो कुठल्याच पदार्थात लागणार नव्हता.

शनिवारी ब्रायोनी आली. पन्नाशीच्या अलीकडची, उंच, लालबुंद, डोक्यावर शेतकऱ्याची टोपी, जी आमच्याकडे आता शेतकरीसुद्धा घालत नाहीत. सहा वर्षं या देशात राहून तिला चार वाक्यं येत होती आणि त्यातलं एक "फार तिखट नको" हे होतं. गाडीतून उतरल्यापासून तिला सगळं अद्भुत वाटत होतं. फटाक्यांचा कचरा अद्भुत. कोंबडीची पिसं अद्भुत. स्वैपाकघरात शिरून तिने घामाने निथळणाऱ्या बायकांचे फोटो काढले आणि छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" क्वाइलानने विचारलं. दुभाषी म्हणून कचेरीने छिनयूलाच उभं केलं होतं. गावात इंग्रजी येणारी तीच एक.

"म्हणते, तुमच्या चेहऱ्यावर केवढं समाधान आहे."

"तिला म्हणावं, ते डुकराच्या चरबीचं तेल आहे."

छिनयूने ते सांगितलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण बाईला वल्हं धरता येत नव्हतं. तेव्हा काकांनीच, तोंड वर करून, छिनयूला सांगितलं, "पोरी, तिला जरा शिकव की. तुला तर सगळं येतं." आणि त्या पोरीने शिकवलं. काठावर, दगडी पायरीवर बसून, बापाचं वल्हं त्या बाईच्या हातात देऊन शिकवलं: वरचा हात असा, कंबर अशी, ढोलाच्या ठोक्यावर पाण्यात, आपल्या मनाने नाही. क्वाइलान भाज्या धुवायच्या निमित्ताने टोपली घेऊन पायरीवर येऊन बसली होती. कोबीचं पान न पान तिने तीनतीनदा धुतलं.

शिकवून झाल्यावर छिनयू त्या बाईशी बराच वेळ हळू आवाजात बोलली. बाईने कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली, छिनयूच्या खांद्यावर थोपटलं आणि होडीकडे निघाली.

"काय बोललीस गं तिला?"

छिनयूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सांगितलं तिला सगळं, आई. की ही जागा बाबांची. मला बसू देत नाहीत. म्हटलं, तू फक्त एवढं म्हण की ही मुलगी शेजारी बसली तरच मी बसते. तुला कोणी नाही म्हणणार नाही. एक वाक्य बोल माझ्यासाठी."

"मग?"

"म्हणाली, मला फार वाईट वाटतं. पण तुमच्या संस्कृतीत मी ढवळाढवळ करणं बरं नाही. तुमच्या परंपरेचा मी मान ठेवते."

क्वाइलानने होडीकडे पाहिलं. परंपरेचा मान ठेवणारी बाई एव्हाना परंपरेवर फतकल मारून बसली होती आणि मोबाइलसमोर दोन बोटं दाखवत होती. धन्य तुझी! क्वाइलानला एवढा संताप आला की टोपली हातातून सुटली आणि कोबी तळ्यात तरंगत गेला.

ढोल वाजला, होडी निघाली. पुढचं बायकांनी फोनवर पाहिलं, कारण शेजारच्या गावातल्या पोरांनी ते लगेच सगळीकडे पाठवलं. पहिली फेरी कशीबशी झाली. दुसऱ्या फेरीला, काठावर गर्दी ओरडतेय, फटाके उडताहेत, तेवढ्यात ब्रायोनीबाईंना एका हाताने चित्रण करायची हुक्की आली. वल्हं दुसऱ्या हातातून सटकलं, मागच्याच्या वल्ह्यात अडकलं, त्याचं त्याच्या मागच्याच्या, आणि डावी बाजू थांबली. उजवे चाळीस जण मात्र ढोलावर वल्हवतच होते. होडी गर्रकन आडवी फिरली आणि यजमानांच्या घाटाच्या पायरीवर धाडकन आपटली. होडीच्या तोंडाशी कोरलेल्या ड्रॅगनची डावी मिशी तुटून पाण्यात पडली. अख्खं गाव पोट धरून हसत होतं. हसणाऱ्यांत एक परदेशी बाई होती, नखशिखांत भिजलेली, आनंदाने वेडी झालेली.

होडी परत आली तेव्हा बाप्यांच्या माना खाली होत्या. बाईची मात्र ताठ. आयुष्यातला सगळ्यात सुंदर शनिवार, असं तिने तीनदा सांगितलं. जेवायला थांबली नाही. रविवारी दुसऱ्या जिल्ह्यात कंदिलांचा की कसलासा मेळा होता, तो तिला गाठायचा होता. काकांनी हसूनहसून तिला लिचीची पेटी दिली, साहेबाने हात हलवला, गाडी वळणाआड गेली.

गाडी दिसेनाशी झाली आणि काकांचं हसू गळून पडलं.

"मिशी तुटली," ते म्हणाले. "माझ्या आजोबांच्या काळापासून असं झालं नव्हतं. बाईचा पाय लागला, दुसरं काय! मंडळींनो, आजपासून पक्कं. कुठलीही बाई नाही, गावची नाही, परगावची नाही, परदेशची नाही." मग त्यांची नजर पायरीवर उभ्या छिनयूवर गेली. आवाज अगदी मायेचा झाला. "बघितलंस ना पोरी? म्हणूनच तुला नको म्हणत होतो मी."

 छिनयू नुसती खाली पाहत राहिली, आपलीच काही चूक झाल्यासारखी. ते क्वाइलानला सहन झालं नाही.

"याउतिनच्या बायको!" काका ओरडले. "पपनसाची पानं उकळून आण बादलीभर. विटाळ धुवायचाय. ती जागा नीट घासली पाहिजे."

क्वाइलानने पानं उकळली. बाप्ये जेवायला बसले होते, ताटात कोंबडी आणि भात तिच्याच हातचा. वाफाळती बादली घेऊन ती अंगणातून सरळ घाटावर, होडीपाशी उभ्या काकांपुढे आली. एकाने बादली घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "काका, विटाळ कोणाचा धुवायचा?"

"त्या बाईचा. दुसऱ्या कोणाचा?"

"सकाळी तर ती बाई नव्हती, पाहुणी होती. होडी आपटल्यावर बाई झाली का?"

"तोंड आवर, क्वाइलान."

"सव्वीस वर्षं आवरलं." तिने बादली पायरीवर ठेवली. "म्हणजे मिरवायला परकी चालते आणि खापर फोडायला आमची पोरगी. धुणारच आहात ना होडी? मग एकीचं काय आणि तिघींचं काय, पाणी तेवढंच लागतं." आणि स्वैपाकघरातल्या तेलकट रबरी सपातांसकट तिने पाय उचलून होडीत टाकला. होडी डुगडुगली. क्वाइलान चौथ्या रांगेत जाऊन बसली. "छिनयू! ये. तुझ्या बापाची जागा मोकळी आहे."

अंगणातले घास तोंडातच राहिले.  छिनयूने पायातले बूट काढले, काठावर पडलेलं बापाचं वल्हं उचललं आणि एका पावलात होडीत उतरली. तिसरी रांग, डावी बाजू.

"उतरा! दोघीही उतरा!" काका काठावर थयथयाट करत होते. "अरे, ओढा रे त्यांना बाहेर!" कोणीच उठलं नाही. काहींनी ताटात मान घातली. काकांचा आवाज चिरकला. "आता हे सगळं धुणार कोण? एवढी पानं उकळणार कोण?"

"चूल पेटलेली आहे, काका," क्वाइलान म्हणाली. "पातेलं मोठं घ्या."

छिनयूने वल्हं पाण्यात घातलं आणि खांद्याने ओढलं. ऐंशी माणसांची होडी, एका वल्ह्याने कितीशी हलणार? वीतभर हलली. पोरगी हसतही होती आणि रडतही होती, आणि तिने पुन्हा वल्हं मारलं.