सात गाठी, सात बदकं

कफ्र सुबैहच्या मशिदीमागच्या अंगणात त्या दिवशी मुंगीला शिरायला वाव नव्हता. शेख अबुल-यझीद दोरे कापत होते. पंधरा-सोळा वर्षांची अकरा पोरं सदरे वर करून रांगेत उभी, प्रत्येकाच्या कमरेला सात गाठींचा काळा दोरा. कात्री चालली की शेख गर्जायचे, "बोल, पोटात जंत आहेत?"

"नाहीत!"

"आणि सात वर्षांपूर्वी?"

"टोपलीभर होते!"

बायकांच्या ललकाऱ्या कालव्यापर्यंत जात. मागे पिंजऱ्यात बदकं कलकलत होती. दरसाल एक गाठ आणि गाठीमागे एक बदक, असा शेखांचा शिरस्ता.

गर्दीत तफीदा ओठ मुडपून उभी होती. सरकारी दवाखान्यात अठरा वर्षं ती सूक्ष्मदर्शकाखाली गावाच्या शौचाचे नमुने तपासत होती. 'तफीदा आपल्याला आतून ओळखते,' असं गावकरी म्हणत. शेखांनी चारचौघांत आव्हान दिलं, म्हणून तिने या अकरा जणांचेही नमुने तपासले होते. दहा जण साफ! अकराव्याच्या नमुन्यात जंतांची अंडी दिसली, तर शेख शांतपणे म्हणाले, "याची बदकं रोडकी होती."

"पाहिलंत, वन्सं?" तिची भावजय इन्साफ हरखून म्हणाली. "तुमच्याच यंत्राने साक्ष दिली!"

इन्साफच्या बाजूला तिची आठ वर्षांची लेक वजीदा उभी होती. हातपाय काटकुळे, पोट नगाऱ्यासारखं, कमरेला पहिली गाठ.

"वहिनी, जंतांची एक गोळी दे पोरीला."

"नको हो बाई! गोळीने दोरा जळतो म्हणतात शेख."

"आणि तोवर जंतांचा गोळा आतड्यात अडकला तर? शहरातल्या इस्पितळात पोचेपर्यंत पोर हातची जाईल."

"सातव्या गाठीला सुटेल ना सगळं," इन्साफ म्हणाली. पण पोरीच्या पोटावरचा हात तिने काढला नाही.

तफीदाला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. शेख खोटा आहे हे ती जाणून होती, पण खोटं नेमकं कुठे आहे ते सापडेना. पोरं खरोखरच बरी झाली होती. दुसऱ्या दिवशी तिने शेखांनाच गाठलं.

"शेखसाहेब, दोरा आठ-नऊ वर्षांच्या पोरांनाच का? चाळिशीच्या माणसाला का नाही?"

"मोठ्यांचं पोट निबर असतं, पोरी. दोरा धरत नाही."

तफीदा थबकली. मग ती तडक कालवा ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेली. एका चोरीच्या बदकावरून त्या वस्तीचं शेखांशी भांडण झालं होतं आणि गेल्या बारा वर्षांत तिथल्या एकाही कमरेला दोरा लागला नव्हता. तफीदा दारोदार नमुन्यासाठी रिकाम्या काड्यापेट्या वाटू लागली.

"लोक साखर मागतात, मीठ मागतात," एक म्हातारी करवादली, "तू हे काय मागतेस!"

"साखर माझ्याकडे आहे, आजी."

आठवडाभर तपासणी चालली. मग शुक्रवारची नमाज आटोपल्यावर तफीदा पलीकडच्या नऊ तरुणांना घेऊन अंगणात हजर झाली.

"यांचं वय सोळा. नऊपैकी आठ साफ. ए, दोरा दाखवा रे!"

"कसला दोरा?" एक जण म्हणाला. "आमचं तर यांच्याशी बोलणंसुद्धा नाही!"

हशा पिकला. शेख हात उंचावून म्हणाले, "माझी कृपा कालव्यापलीकडेही पोचते!"

"मग बदकं इकडचीच का कापता?" मागून कुणीतरी ओरडलं. या वेळी इमामसाहेबांनाही हसू आवरेना.

तफीदाने वही उघडली. "इकडची असोत की तिकडची, आठ-नऊ वर्षांची बहुतेक पोरं जंतांनी भरलेली. दोन गाठीवाली आणि बिनगाठीची, फरक शून्य. मग वय वाढतं तसे हे जंत आपोआप कमी होतात. लहान पोर मातीत खेळतं, तेच हात तोंडात घालतं. मोठेपणी ते सुटतं, आणि शरीरही जंतांना दाद देईनासं होतं असं दिसतं. शेखसाहेब गाठी मारत बसले, पोरं आपली वाढत राहिली!"

"मग जन्मात गोळी न घेता मी इतका निरोगी कसा?" शेख उसळले.

"तपासलंय कधी? पायरी चढताना तुम्हाला धाप लागते, पापण्या आतून पांढऱ्याफटक. दुसऱ्या जातीचा जंत अनवाणी तळव्यातून शिरतो आणि रक्त पितो. तो वयाने कमी होत नाही, मोठ्या माणसांतच जास्त सापडतो. पेटी देऊ?"

शेखांनी नकळत पाय झग्याखाली ओढून घेतले.

त्याच दुपारी इन्साफ वजीदाला घेऊन दवाखान्यात आली. पोरीने गोळी चावली, तोंड वाकडं केलं. दोन दिवसांत सत्तावीस जंत पडले; ते मोजून वजीदाने गल्लीभर मिरवलं.

इन्साफ मात्र हिरमुसली होती. "वन्सं, मी वेडी नव्हते हो. पोरं बरी झालेली मी या डोळ्यांनी पाहिली होती."

"तू पाहिलंस ते खरंच होतं, वहिनी," तफीदा म्हणाली. "पण ज्यांनी दोरा बांधलाच नाही त्यांचं काय झालं, हे तू विचारलं नाहीस. मीही फार उशिरा विचारलं. कुणी चमत्कार दाखवला की आधी तेवढं विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत पोराचं औषध थांबवायचं नाही."