चांगला महिना कोणता?

"तुमच्याकडे सुट्टीला यायचं तर सगळ्यात चांगला महिना कोणता?"

हा प्रश्न मला दिवसातून किमान तीनदा येतो आणि दर वेळी माझं डोकं तितकंच फिरतं. सावाई बेटाच्या किनाऱ्यावर आमच्या सहा झोपड्या आहेत, पाहुण्यांसाठी. पाहुण्यांना पाऊस नको असतो, पण डोंगर हिरवेगार हवे असतात. ऊन हवं असतं, पण चटका नको. गर्दी नको, पण आपल्यासाठी मात्र नेमकी समुद्रासमोरची झोपडी रिकामी हवी. एका बाईनं विचारलं होतं, डास कोणत्या महिन्यात नसतात? मी लिहिलं, "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तो महिना शोधतोय, सापडला की कळवते." इओसेफोनं ते पाठवू दिलं नाही.

इओसेफो माझा नवरा. सगळ्यांशी गोड बोलायचं खातं त्याच्याकडे. त्यानं एक पत्र लिहून फोनमध्ये ठेवलंय: "मे ते ऑक्टोबर हवा कोरडी. ऑक्टोबरच्या मध्यापासून पावसाचा भरवसा नाही, त्याआधी आलेलं उत्तम." कुणीही काहीही विचारलं की हा अंगठा दाबतो आणि ते पत्र जातं. मग पुन्हा नारळाखाली जाऊन आडवा होतो.

आता माझ्या मुलीबद्दल. वाओसा अकरा वर्षं क्राइस्टचर्चला आहे. तिथे ती नर्स आहे. तिचा नवरा ग्रॅहम तिथलाच, गोरा, घरं बांधायच्या आधी जमिनी मोजतो. माणूस चांगला आहे, पण चहात साखर घालायची तरी आधी डबीवरचं वाचतो. त्यांची मुलगी मेले सहा वर्षांची. आठ महिन्यांची असताना एकदा इथे आणली होती, त्यानंतर माझी नात म्हणजे फोनमधलं एक कपाळ. बोलताना फोन कपाळालाच लावते पोर.

मला एकच गोष्ट हवी होती. ऑक्टोबरचा दुसरा रविवार मुलांचा असतो. गावातली सगळी मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये उभी राहतात आणि बायबलमधली पाठ केलेली आपापली ओळ म्हणतात. मग घरी येऊन आधी ती जेवतात. वर्षभर मोठ्यांचं झाल्यावर उरेल ते खाणारी मुलं त्या दिवशी मांडी घालून बसतात आणि आम्ही वाढतो, पंख्यानं माश्या वारतो. माझ्या मेलेनं एकदा, फक्त एकदा, माझ्या चर्चमध्ये उभं राहून ओळ म्हणावी आणि मी ती ऐकावी. ती दोन वर्षांची झाली तेव्हापासून दर वर्षी मी तिच्यासाठी पांढरा झगा शिवते आणि ऑक्टोबर उलटला की शेजारच्या कुणाला तरी देऊन टाकते. यंदाचा पाचवा.

हे मी वाओसाला तोंडानं कधी सांगितलं का? नाही. का सांगावं? ती याच चर्चमध्ये वाढली. ऑक्टोबर म्हटलं की आईला काय हवंय, हे लेकीला कळू नये?

तर या वर्षी त्यांचं यायचं ठरलं. ग्रॅहमनं रीतसर विचारलं, यायला चांगला काळ कोणता? सोबत पावसाचा तक्ताही जोडला होता, वीस वर्षांचा. आणि इओसेफोनं अंगठा दाबला!

"जावयाला? जावयाला तू पाहुण्यांचं पत्र पाठवलंस?"

"अगं, पाहुणे विचारतात तेच त्यानं विचारलं ना? आणि पत्रात खोटं काय आहे?"

"मध्यापासून पाऊस! रविवार त्या मध्यातच येतो, तुझ्या डोक्यात आलं नाही?"

"लोसा, हवेचं विचारलं, हवेचं सांगितलं."

तिकिटं आली. सप्टेंबरच्या शेवटी येणार आणि निघणार ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. शनिवारी! रविवारच्या बरोबर एक दिवस आधी. मी वाओसाला फोन लावला, तर ती म्हणाली, "आई, बाबांनीच लिहिलं ना, त्याआधी आलेलं उत्तम. आणि मेलेची शाळा सोमवारी उघडते." एवढं बोलली आणि तिची ड्यूटी सुरू झाली.

मग मी पाद्रीबुवांकडे गेले. म्हटलं, यंदा मुलांचा रविवार एक आठवडा अलीकडे घेतला तर कुणाचं काय बिघडणार आहे? "लोसा," ते म्हणाले, "तो दिवस सगळ्या देशाचा आहे. तुझ्या जावयाच्या विमानाला विचारून ठेवलेला नाही." त्यांची बायको आत हसली, ते मला ऐकू आलं.

आली एकदाची मंडळी. सहाही झोपड्या भरलेल्या, कारण इओसेफोच्या पत्रावर विश्वास ठेवून सगळं जग त्याच पंधरवड्यात आमच्याकडे आलं होतं. मी पहाटेपासून स्वयंपाकघरात. अंडी कुणाला मऊ हवी, कुणाला कडक. नात अंगणात खेळतेय आणि मी तिला खिडकीतून बघतेय, असे दिवस गेले. ग्रॅहम रोज सकाळी बाहेर येऊन आभाळ तपासायचा आणि समाधानानं मान हलवायचा. एक थेंब पडला नाही. पडला असता तर निदान त्याला चार शब्द सुनावता आले असते.

मेले मात्र संध्याकाळी गावातल्या मुलांबरोबर तालमीला जायला लागली. कुणी पाठवलं नाही, मुलं जातात म्हणून ही गेली. तीन दिवसांत तिची ओळ पाठ! उच्चार क्राइस्टचर्चचे, पण शब्दन्‌शब्द बरोबर. तालमीच्या वेळीच नेमकं पाहुण्यांचं जेवण असायचं. मी एकदाही जाऊ शकले नाही. गावातल्या बायका येऊन सांगायच्या, "लोसा, तुझी नात काय म्हणते गं!" म्हणजे अख्ख्या गावानं ऐकलं आणि आजी राहिली कांदे चिरत.

शुक्रवारी दुपारी माझा बांध फुटला. ग्रॅहम पाण्याच्या टाकीपाशी पोहायचे चष्मे धूत होता.

"एक दिवस!" मी म्हटलं. "एवढा शिकलेला माणूस तू, तुला रविवारनंतरचं विमान मिळालं नाही?"

त्यानं नळ बंद केला. "मिळालं होतं. सोमवारचं. मी शाळेलाही कळवलं होतं की मेले दोन दिवस उशिरा येईल."

"मग?"

"वाओसानं बदलायला लावलं. म्हणाली, शनिवारीच निघायचं. मी कारण विचारलं तर म्हणाली, आईला विचार. पण तुम्हाला कसं विचारणार?"

मी तडक मागच्या घरात गेले. वाओसा चटईवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माझ्यामुळे शनिवार? मी काय केलं?"

तिनं वर बघितलं नाही. "जाऊ दे ना आई. उद्या निघायचंय."

"जाऊ कसं देऊ? पाच वर्षं झगे शिवतेय मी! पत्र तुझ्या बापाचं, शाळा मेलेची, आणि आता कळतंय की हे सगळं तुझं!"

"हो, माझं." तिनं हातातली घडी खाली ठेवली. "कारण मेले अडखळली तर तू काय करशील, ते मला माहीत आहे."

मला कळलं नाही. मग कळलं.

वाओसा नऊ वर्षांची होती. चर्चमध्ये उभी राहिली, ओळ अर्धी म्हणाली आणि थांबली. मी तिसऱ्या बाकावरून पुढचा शब्द ओरडून सांगितला. लोक हसले. ती गप्प. मी पुन्हा ओरडले, लोक पुन्हा हसले आणि ती खाली बसली. हा किस्सा मी पंचवीस वर्षं सांगत आलेय, पाहुण्यांनासुद्धा. पाहुणे खूप हसतात.

त्या किश्श्याचा पुढचा भाग मी कुणाला सांगत नाही. घरी आल्यावर मुलं जेवायला बसली, कोंबडी होती, आइस्क्रीम होतं. मी वाओसाच्या पुढ्यातलं ताट उचललं. तिच्या हातात पंखा दिला आणि म्हटलं, ज्यांनी ओळ म्हटली ते जेवतील, तू माश्या वार. सगळी भावंडं जेवून उठेपर्यंत ती पंखा हलवत उभी होती. मुलांच्या दिवशी. माझी मुलगी.

"ताट," मी म्हटलं.

"मला येत होती ती ओळ," वाओसा म्हणाली. "मी फक्त श्वास घ्यायला थांबले होते, आई. तू ओरडलीस आणि मग डोक्यातून गेली."

बाहेरून कुणी तरी मला हाका मारत होतं, टॉवेल हवे होते. हवे तर हवे. मी स्वयंपाकघरात गेले, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कोंबडीतली मोठी तंगडी काढली, तारोचा उकडलेला कंद घेतला, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं घेतली आणि ताट आणून चौतीस वर्षांच्या बाईपुढे ठेवलं. पंखा घेतला आणि तिच्या बाजूला उभी राहिले.

"हे काय आता?"

"जेव."

"आई, बस ना खाली. कुणी बघेल."

"बघू दे. माझं चुकलं होतं, वाओसा. फार चुकलं होतं."

तिनं ताट पुढे ओढलं. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि तारो तोडत राहिली. मी पंखा हलवत होते. एकही माशी नव्हती.

"म्हणशील?" मी विचारलं. "ती ओळ."

"आत्ता? तोंडात घास आहे."

"मी थांबते."

तिनं घास संपवला, पाणी प्यायली. उठून उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सरळ, चर्चमध्ये ठेवतात तसे. अर्ध्यापर्यंत नीट म्हणाली आणि थांबली.

पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. माझे ओठ उघडलेसुद्धा. मी ते दातांनी धरून ठेवले. ती माझ्याकडेच बघत होती आणि थांबली होती. किती वेळ थांबली, देव जाणे. माझ्या हातातला पंखा हलायचा राहिला होता.

मग तिनं श्वास घेतला आणि उरलेली ओळ शेवटपर्यंत म्हणाली.