चार व्होटर कार्डांची पिशवी

मित्रांनो, मी बाग गावच्या ठशांच्या छपाईची एक जुनी कापडी पिशवी आहे. देवासच्या एका घरातली चार व्होटर कार्डं माझ्या पोटात असत. एका साध्या दुपारी बापूंनी मला कपाटातून काढलं. त्यांची लेक मेधा दुसऱ्या दिवशी धारला नोकरीवर रुजू होणार होती.

"तुझं कार्ड तू घेऊन जा," बापू म्हणाले.

"राहू द्या ना बापू. मत द्यायला मी इथेच येईन."

"आपलं कार्ड आपल्या हाताशी असावं गं."

मेधा हसली आणि तिनं कार्ड परत माझ्यात टाकलं. मग चहा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे बापू गेले. झोपेतच.

माझा जन्म धारजवळच्या त्या बाग गावातला. माझ्यावरचा लाल रंग तुरटीनं धरला, काळा लोखंडाच्या गंजातून आला. नदीच्या वाहत्या पाण्यात धुतलं तेव्हा दोन्ही खुलले. मेधाची आई धारची. तिच्या लग्नात मी तिच्याबरोबर आले. आधी माझ्यात तिचं विणकाम असे. कार्डं आली आणि माझा मान वाढला.

मतदानाच्या सकाळी बापू मला देवापाशी ठेवत. मग प्रत्येकाच्या एका हातावर दही-साखर, दुसऱ्या हातात कार्ड. "चार मतं, एक घर," असं म्हणून ते कोणतं बटण दाबायचं ते सांगत. तीस वर्षं त्यांनी कारखान्यात कामगारांची संघटना बांधली होती. फूट पडली की माणसं हरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मुलं आता आपापला विचार करू लागली होती. एका निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मेधाचा धाकटा भाऊ अंशुल म्हणाला, "ताई, तुझ्या सगळ्या मैत्रिणींची मतं उधर, माझ्या सगळ्या दोस्तांची इधर. शाळेत मुलींचे बाक वेगळे, मुलांचे वेगळे, तसं झालंय, भिया!" देवासची पोरं बहिणीलाही 'भिया' म्हणजे भाऊच म्हणतात.

"मग होणारच," मेधा म्हणाली. "तू क्लासवरून केव्हाही घरी येतोस. मी अंधार पडल्यावर बस स्टँडवरून फोन कानाला लावून येते, पलीकडे कोणी नसलं तरी. माझं मत त्या रस्त्यावरच ठरतं."

"और मेरा? तीन वर्षं फॉर्म भरतोय, भरती होतच नाही. मुलींसाठी सगळे बोलतात, माझं कोण बघतं?"

दोघंही खरं बोलत होती. पण बापू ताटावरून म्हणाले, "एका कढईतली भाजी खाता आणि मतं दोन? ते काही नाही." मुलं जेवू लागली. आई वाढत राहिली. तिला कोणी विचारलंच नाही.

सकाळी सगळ्यांनी दही खाल्लं. बूथवरून आल्यावर बापूंनी विचारलं, "दाबलं ना?"

"हो बापू," मेधा म्हणाली. तिचं कार्ड माझ्याकडे परत आलं ते घामानं ओलं होतं. पुढच्या निवडणुकीतही तसंच.

बापूंच्या ते लक्षात आलं होतं का? मला माहीत नाही. पिशवीला पोटातलं तेवढं कळतं.

तेरावा झाल्यावर मेधा धारला निघाली. माझा एक बंद उसवला होता; आईनं तो शिवून दिला आणि मला मेधाच्या हाती ठेवलं. मित्रांनो, बंद तुटला तर शिवता येतो. मनातलं सांगायचं राहिलं तर त्याला कुठून टाका घालणार? घरातल्या माणसाचं मत आपल्याहून वेगळं असेल तर ते ऐकून घ्या. आपलं वेगळं असेल तर तो समोर बसलेला असतानाच सांगा.

मेधानं स्वतःचं कार्ड काढून पर्समध्ये ठेवलं. मग बापूंचं कार्ड काढलं. त्यावरच्या फोटोत ते फार तरुण होते. तिनं ते समोर धरलं आणि, आई दारात उभी असतानाच, मोठ्यानं म्हणाली,

"बापू, मी दोन्ही वेळा दुसरं बटण दाबलं. तुमच्या हातचं दही खाऊन. मी 'हो' म्हणायला नको होतं. तुमच्याशी भांडायला हवं होतं."