डाव्या खांद्याची रायफल

बंदुकांच्या दुकानात मर्लने नेहमीप्रमाणे रायफल उजवीकडून पुढे केली आणि नेल्डानेही नेहमीप्रमाणे ती उजव्या खांद्याला लावली. दस्ता टेकला मात्र, कळ थेट मानेपर्यंत गेली.

"अगं, तूच विसरलीस की," मर्ल म्हणाला. "ऑपरेशन कुठल्या खांद्याचं झालंय?"

नेल्डा स्टॅमी कसनुसं हसली. वसंतात तो खांदा उघडून शिवला होता, आणि त्यावर पुन्हा कधीही बंदुकीचा धक्का घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खांदा गेला तो शाळेच्या बसपायी. बसचं दार उघडायचा दांडा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला असतो. प्रत्येक पोरासाठी तो ओढायचा आणि प्रत्येक पोरासाठी ढकलायचा, आणि गावातल्या दोन पिढ्या तिनेच शाळेत पोचवलेल्या. खरं तर बाई जन्माची डावखुरी. लिहायची डाव्याने, बिस्किटांचं पीठ मळायची डाव्याने. फक्त बस आणि बंदूक उजवी. बस कंपनीने केली तशी होती, आणि बंदूक डॅडींमुळे.

डॅडी म्हणजे होबर्ट स्टॅमी, आता पंच्याऐंशी पार केलेले. घरात रायफल एकच, तिची गोळी भरायला ओढायची खिट्टी उजवीकडे, म्हणून घरातल्या सगळ्यांनी उजव्यानेच मारायचं, हा त्यांचा कायदा. माणूस दुष्ट नव्हता हो. पोरीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा बाप तो. पण बंदुकीच्या बाबतीत डोकं दगडाचं. लहानपणी नेल्डाने एकदा रायफल डाव्या खांद्याला लावली, तर त्यांनी काही न बोलता ती काढून उजव्याला लावून दिली होती. त्यानंतर तिने कधी हट्ट केला नाही.

त्याचं फळ कॅम्पच्या भिंतीवर टांगलेलं होतं. केनी ओढ्याच्या वर, डोंगरात, स्टॅमींची पत्र्याची खोपटी आहे. नोव्हेंबरात हरणांचा सीझन उघडला की सगळं खानदान तिथे मुक्कामाला जातं. तिथली रीत अशी, की ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचं मागचं टोक संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांसमोर कापायचं, त्यावर नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायचं. शेपूट कापलं, म्हणतात. कापायचा मान डॅडींचा आणि चाकूही त्यांच्याच खिशातला. बाकीच्यांची तिथे एखाददुसरी शेपटं होती, नेल्डाची मात्र अख्खी रांग. पहिल्या दिवसासाठी ती मुद्दाम घरातला सगळ्यात जुना शर्ट काढून ठेवायची. सगळे हसायचे, तीही हसायची. न हसून सांगते कुणाला.

पण या वर्षी तिला हसायचं नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासून डॅडींच्या डोक्यात धुकं शिरलं होतं. कॉफीत मीठ घालायचे. स्वतःच्या फाटकाशी उभे राहून घर कुणाचं विचारायचे. कधी कधी नेल्डाला आयोला म्हणून हाक मारायचे, आणि आयोला म्हणजे तिची आई, जाऊन किती वर्षं झाली. पुढच्या सीझनपर्यंत ते कुणाला ओळखतील याची खात्री नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. नेल्डाला एकच हरीण हवं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि ते मारणारी आपली नेल्डाच आहे हे त्यांना कळत असताना.

धाकटा भाऊ डॉईल तिला म्हणाला होता, "तू आता खोपटीतच थांब, ताई. चिलीचं कालवण ढवळायला कुठलाही हात चालतो." तो चेष्टेत म्हणाला होता, पण तिला झोंबलं. म्हणून ती शनिवारी सकाळी एकटीच मर्ल बोगनच्या दुकानात आली होती.

मर्लने तिला दोन्ही हातांचा त्रिकोण करायला लावला, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटला तरी घड्याळ जागेवर, आणि डावा मिटला की गायब.

"तुझा नेमाचा डोळा डावा आहे," तो म्हणाला. "आणि जन्मभर उजव्यानं नेम धरलास? मग भिंत भरणारच की."

तो सहज बोलून गेला, पण नेल्डाला ते लागलं. साठी उलटलेली बाई, माशांच्या गळांच्या खोक्यांशेजारी उभी राहून रडते की काय, असं झालं. नाक ओढून ती म्हणाली, दाखव काय दाखवायचं ते.

आपोआप भरणारी रायफल घे, हे मर्लचं पहिल्यापासून म्हणणं. एकतर धक्क्याचा थोडा जोर तिच्या आतल्या यंत्रातच खर्च होतो, खांद्यापर्यंत कमी येतो. आणि उजवीकडची खिट्टी ओढायला डावखुऱ्याला नळीवरून हात टाकावा लागतो, ती कसरतही वाचते. शेवटी काउंटरवर दोन राहिल्या. एक सगळे घेतात तसली. गोळी सुटली की तिची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, म्हणजे डावखुऱ्याच्या नाकासमोरून. धूर तोंडावर येतो आणि तापलेली पुंगळी कधी मनगटावर बसते. दुसरी खास डावखुऱ्यांसाठी घडवलेली, मर्लकडे जुनी आलेली, पण काचेसारखी जपलेली. नेल्डाने ती डाव्या खांद्याला लावली, आणि ती अशी बसली, जणू शिंप्याने तिचंच माप घेतलं होतं. गाल आपोआप टेकला. समोरच्या भुसा भरलेल्या टर्की पक्ष्याचा डोळा नळीच्या टोकावर स्थिर उभा राहिला. काय सुख होतं ते. असं असतं तर, एवढंच तिच्या मनात आलं.

मर्ल खोकं आणायला वळला, तेवढ्यात तिने विचारलं, "हिची पुंगळी कुठं जाते?"

"डावीकडं. तुझ्या तोंडापासून लांब. त्यासाठीच तर केलीय ती."

"डावीकडं डॅडी बसतात."

मर्लला कळेना. डॅडींना मग उजवीकडे बसव, इतकी साधी गोष्ट. तेव्हा तिने समजावलं, की डॅडींचा डावा कान पार गेलाय. उजवीकडे बसवलं की बहिरा कान तिच्या बाजूला येतो, मग ती काही कुजबुजली की ते खणखणीत आवाजात 'काय म्हणालीस?' विचारणार आणि डोंगरभरातली हरणं पसार होणार. ते तिच्या डावीकडेच हवेत. आणि तापलेली पुंगळी म्हाताऱ्याच्या मानेवर उडवायची तिची तयारी नव्हती.

"एका सीझनसाठी कुणी रायफल घेतं का, नेल्डा?"

"एकच सीझन आहे, मर्ल."

मर्लने डावखुऱ्यांची रायफल उचलून मागे ठेवली, पहिली घेतली, चापामागची सुरक्षेची कळ काढली आणि डाव्या बोटाला सोपी जाईल अशी उलटी बसवून दिली.

सप्टेंबर-ऑक्टोबरभर डॉईलच्या मागच्या कुरणात तिने डबे फोडले. पुंगळीने पहिल्याच दिवशी मनगट भाजलं, तेव्हा तिने एका मोज्याचा पंजा कापला आणि तो मोजा हातावर चढवला. डॉईल सुरुवातीला कुंपणाला टेकून शेरे मारायचा. पुढे शेरे थांबले आणि तो मुकाट्याने डबे मांडून द्यायला लागला.

सीझनच्या पहिल्या सकाळी नेल्डाने जुना शर्ट काढलाच नाही. लाल-काळ्या चौकड्यांचा जाड लोकरी शर्ट घातला, चर्चला घालावा असा, नवाकोरा. डॉईलने तो पाहिला आणि मान फिरवून कॉफी ओतली.

ओढ्याकाठच्या आडोशात दोघं बसली. डॅडी डावीकडे, गोधडीत. गवतावर पांढरं दहिवर पडलेलं. आयोला कुठाय, त्यांनी कुजबुजत विचारलं. घरी आहे, नेल्डा म्हणाली. आजचा दिवस धुक्याचा निघाला तर सगळंच मुसळ केरात.

ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं तेव्हा नर हरीण ओढ्यातून वर आलं. दमानं, हुंगत. नेल्डाने रायफल उचलून डाव्या खांद्याला लावली. आता डॅडी हात धरतील, उजव्याला लावायला लावतील, अशी लहानपणची भीती तिला तेवढ्यातही वाटली. त्यांनी हात धरला नाही. तिने श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

पुंगळी मनगटावर आपटून उजवीकडे पाचोळ्यात पडली. हरणाने चार उड्या मारल्या आणि ते देवदाराच्या बुंध्याशी कोसळलं, ते पुन्हा हललं नाही.

डॅडी हरणाकडे बघत होते. मग त्यांनी रायफलीकडे बघितलं, मग तिच्या खांद्याकडे.

"नेल्डा," ते म्हणाले. "डाव्यानं मारलंस?"

"हो, डॅडी."

"असंच मारायचं होतं की मग आधीपासून."

जणू तिचाच हट्ट होता इतकी वर्षं. नेल्डाला हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि तिने दोन्ही येऊ दिलं. त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. तिला अजून काही नको होतं.

संध्याकाळी हरीण खोपटीबाहेरच्या ओकच्या झाडाला टांगलेलं होतं. पोरं आत-बाहेर करून शिंगं मोजत होती, डॉईल येणाऱ्या-जाणाऱ्याला गोळी कुठे लागली ते दाखवत होता, जसं काही त्यानेच शिकवलं. चिली तयार झाली. सगळे चुलीभोवती जमले, तसे खुर्चीत डुलक्या घेणारे डॅडी जागे झाले. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. जेवणाआधीची वेळ, सगळे गोळा झालेले आणि मध्ये नेल्डा उभी. त्यांचा हात खिशात गेला. चाकू बाहेर आला.

"चल, पोरी," ते म्हणाले. "पाठ कर."

डॉईल पुढे झाला. "डॅडी, अहो, ताईनं तर..."

नेल्डाने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. मग वळली, स्वतःच शर्ट पँटमधून बाहेर काढला आणि ताठ उभी राहिली.

कापड नवं आणि जाड, म्हाताऱ्याच्या हातात जोर उरलेला नाही. चाकू अडत होता, डॅडी धापा टाकत होते, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी चौकड्यांचा तुकडा सुटा झाला. त्यांनी तो डॉईलच्या हातात दिला, आणि डॉईलने खाली मान घालून तो नेल्डाच्या रांगेत शेवटी ठोकला.

"मनाला लावून घेऊ नको," डॅडी तिची पाठ थोपटत म्हणाले. "पुढच्या वर्षी लागेल बघ."

"लागेल, डॅडी."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, चिलीचा वाडगा दिला, मक्याच्या पावाचा तुकडा कुस्करून त्यात घातला. दाराच्या फटीतून येणारा गार वारा कापलेल्या जागेतून तिच्या पाठीला लागत होता. डॉईलने तिचा कोट आणून पुढे धरला. तिने तो घेतला, खुंटीला परत अडकवला आणि दुसऱ्यांची ताटं वाढायला लागली.