बनुबाईची पाठ

"हे काळं दिसतं ना, ते मांस," गोमटेश डॉक्टरांनी पाठीच्या एमआरआयच्या फिल्मवर पेनाचं टोक ठेवलं. "आणि तुमचं बघा मावशी, सगळं पांढरं. ती चरबी आहे."

बनुबाई उजेडासमोरच्या फिल्मकडे बघत राहिली. सांगलीच्या या खासगी दवाखान्यात ती बावीस वर्षं वॉर्डात मावशी होती. दुसऱ्यांच्या असल्या फिल्मा तिनंच कितीदा या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. आज पाकिटावर तिचं नाव होतं.

"माझ्यात कुठली चरबी, सर? अंगावर मूठभर मांस न्हाई."

"वजनाचा संबंध नाही. मणक्याला लागून आत बारके स्नायू असतात, ते मणका धरून ठेवतात. ते वाळले की त्या जागी चरबी भरते आणि भार जातो मणक्यांमधल्या गाद्यांवर. दोन गाद्या झिजल्यात तुमच्या." त्यांनी फिल्म पाकिटात सरकवली. "कमरेला पट्टा किती वर्षं बांधताय?"

"सहा. त्याच्याबिगार उभंच ऱ्हाता येत न्हाई."

"पट्ट्यानं काम केलं, स्नायू बसून राहिले. झिजलेली गादी मी परत आणू शकत नाही. स्नायू थोडेफार परत येतील. रोज व्यायाम करायचा. आणि पेशंट उचलायचा नाही. एकसुद्धा."

"व्हय," बनुबाई म्हणाली. उचलायचं नाही तर वॉर्डात मावशीचं दुसरं काम काय, हे तिनं विचारलं नाही. भल्या दांडग्या माणसालाही ती 'माझ्या गळ्यात हात टाका' म्हणत पलंगावरून खुर्चीत आणायची, आणि त्याला लाज वाटू द्यायची नाही. दवाखान्यात तिला ओळखत होते ते यासाठीच.

पाकीट कपाटात ठेवून, पट्टा आवळून ती सात नंबरच्या खोलीत गेली. तिथं कोरेगावचे आप्पासो होते. निवृत्त सुभेदार, डावं अंग गेलेलं. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. दोन महिने झाले, पण त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती.

"आलीस व्हय? बसव मला," आप्पासो म्हणाले.

तिनं त्यांना कवेत घेतलं, उचललं, आणि कमरेत कळ विजेसारखी सरकली. पाय गेले. तिचे हात सुटले नव्हते, म्हणून दोघंही एकत्रच खाली आली. सुभेदारांचा उजवा हात खाली सापडला. चालणारा तो एकच हात होता. मनगट मोडलं.

त्यांची मुलगी क्रांती धावत आली. "काय झालं, आप्पा?"

"मीच... उठाय गेलो," ते अडखळत म्हणाले. "हिनं धरलं मला."

सगळ्यांनी ते मानलं. पेशंट स्वतः उठला, असंच कागदावर लिहिलं गेलं.

संध्याकाळी बनुबाई भिंत धरत मेट्रनच्या खोलीत गेली. पाकीट टेबलावर ठेवलं. "सुभेदार खोटं बोलल्यात, सिस्टर. माझ्या हातनं पडलं ते. उचलू नगा म्हणून सकाळीच सांगितलं हुतं मला. तरी उचललं."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तिला धुतलेल्या चादरींच्या खोलीत बसवलं. चौथ्या दिवशी आप्पासोंना घरी न्यायचं ठरलं, तेव्हा ती सात नंबरला आली. खरं काय घडलं ते कळलेल्या क्रांतीनं मान फिरवली.

"ताई, बोलू नगा माझ्यासंगं. पर कूस कशी बदलायची तेवढं शिकून घ्या. घरात तुमालाच करायचं हाय."

क्रांतीनं पदर खोचला.

"जवळ या. एक गुडघा पलंगावर टेका. वाकू नगा. कमरंनं न्हाई, पायाच्या जोरावर वढा. हं. आता हळू."

आप्पासो कुशीवर वळले. बनुबाईचे हात नकळत पुढं झाले होते. ते तिनं मागं घेतले.

"जमलं," प्लास्टरमधला हात छातीशी धरून आप्पासो म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. डोळे भरले होते त्यांचे.

दोन माणसांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. लिफ्टचं दार बंद झालं.

रिकाम्या पलंगाची चादर काढायला बनुबाई वाकू लागली आणि अर्ध्यातच थांबली. भिंतीला हात टेकत हळूहळू गुडघ्यांवर बसली. मग गुडघ्यांवरच सरकत, पलंगाभोवती फिरत, तिनं एकेक कोपरा सोडवला.