सातवा प्रश्न

माझे वडील, अण्णा, प्रार्थनागृहाची खिडकी दुरुस्त करायला शिडीवर चढले आणि शिडीसकट खाली आले. सत्तरी उलटलेला सुतार, पण कुणाचं ऐकेल तर शपथ. मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं आणि सर्जनने रक्ताच्या तीन पिशव्या तयार ठेवायला सांगितल्या.

मी त्याच हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. अण्णांचा गट ओ निगेटिव्ह. आमच्या फ्रीजमध्ये त्या गटाची एकच पिशवी होती. शहरातल्या बाकीच्या पेढ्यांना फोन लावला, एक कबूल झाली. तिसरीचा पत्ता नव्हता. माझा गट वेगळा. जुळत होता तो धाकट्याचा. जवळच्या नात्यातलं रक्त द्यायचं तर ते आधी किरणांखालून काढावं लागतं, पण ते यंत्र आमच्याकडे होतं. मी भावाला फोन केला.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. सहा वर्षांपूर्वी त्याने जेवताना शांतपणे सांगितलं होतं, की त्याचं एका पुरुषावर प्रेम आहे आणि ते एकत्र राहणार आहेत. अण्णा दर आठवड्याला प्रार्थनागृहात ग्रंथ मोठ्याने वाचत. ते म्हणाले, "त्यात याबद्दल काय लिहिलंय ते तू माझ्याच तोंडून ऐकलंयस."

मी मध्ये पडले. शास्त्राने याला आजारांच्या यादीतून कधीच काढलंय, हा काही दोष नव्हे, असं बरंच बोलले.

"म्हणजे आधी यादीत घातलं होतं ना?" अण्णा म्हणाले. "तुझं शास्त्र काल एक म्हणतं, आज दुसरं. माझा ग्रंथ अशा कोलांट्या मारत नाही."

आम्ही दोघं तासभर हमरीतुमरीवर येऊन भांडत होतो. शेवटी धाकटा उठला. "तुम्ही माझ्यावरून भांडताय," तो म्हणाला, "पण माझ्याशी कुणी बोलतच नाहीये." अण्णांनी दार दाखवलं आणि तो गेला. त्यानंतर तो मला भेटायचा. त्या घरात त्याने पाऊल टाकलं नाही.

फोन केल्यावर मात्र तो अर्ध्या तासात आला, ग्रीसचे हात तसेच. मी फॉर्म पुढे सरकवला. सातवा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. पुरुष दात्याने पुरुषाशी शरीरसंबंध ठेवला आहे का?

"'नाही'वर खूण कर," मी हळू आवाजात म्हणाले.

त्याने मान वर केली. "ताई, तू सांगतेस हे?"

"रक्त तर आम्ही प्रत्येकाचंच तपासतो."

"मग विचारता कशाला?"

एवढी वर्षं मी हा फॉर्म लोकांपुढे ठेवत होते आणि सातव्या प्रश्नावरून माझी नजर सराईतपणे घसरत होती.

"खोटंच बोलायचं होतं तर मी सहा वर्षांपूर्वी बोललो असतो," तो म्हणाला. "घरात तरी राहिलो असतो." त्याने 'हो'वर खूण केली, सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

फॉर्म घेऊन मी आमच्या प्रमुख डॉक्टरांकडे गेले. "मॅडम, नऊ वर्षं तो एकाच माणसाबरोबर आहे. आज सकाळी येऊन गेलेल्या दात्याला आपण विचारलं का, किती जणींबरोबर होतास म्हणून?"

मॅडमनी चष्मा काढला. "तुझं म्हणणं मला पटतं गं. पण नियम हा आहे, आणि सही माझी असते."

त्यांनी नकाराचा शिक्का मारला. तो शिक्का बाहेर जाऊन भावाला दाखवण्याचं काम माझंच होतं.

तो चिडला नाही. शिक्का वाचून फॉर्म परत दिला. मग म्हणाला, "दुसऱ्या गावी मिळेल का बघ. आम्ही आणतो." चार तासांवरच्या एका पेढीत पिशवी सापडली. त्याचा जोडीदार बेकरीत कामाला. तो भट्टीवरून तसाच निघाला. दोघं गाडी घेऊन गेले आणि थंड पेटी घेऊन आले. पेटी माझ्या हातात देताना धाकटा म्हणाला, "द्यायला नालायक, पण हमालीला चालतो बघ." तो हसला. मला हसता आलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी अण्णा उशीला टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "धाकट्याचा गट माझाच ना? त्याचंच रक्त दिलं असेल."

सांगू की नको, असं क्षणभर झालं. पण सगळं सांगितलं.

"खोटी खूण कर म्हणालीस तू?"

"हो."

"आणि त्याने केली नाही."

"नाही."

"मग तुझं शास्त्र काय म्हणालं त्याला?"

"तुमच्या ग्रंथाने सांगितलं तेच. बाहेर थांब."

मला वाटलं, आता ते मला टोमणा मारतील. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. बराच वेळ त्यांचे खांदे हलत होते.

दोन महिन्यांनी ते कुबड्या घेऊन प्रार्थनागृहात गेले. मी सोबत होते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "भाग्यवान आहात, मुलगा रक्त द्यायला धावून आला."

"आला, पण घेतलं नाही त्याचं," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तो एका पुरुषाबरोबर संसार करतो. ते त्याने लपवलं नाही म्हणून."

पुढच्या आठवड्यापासून ग्रंथवाचन दुसऱ्याकडे गेलं. अण्णा मागच्या बाकावर बसू लागले. मला वाईट वाटलं, तर म्हणाले, "ती ओळ मी खोडणार नाही. माझा तो अधिकार नाही. पण ती मोठ्याने वाचायला आता माझी जीभ उचलली नसती."

मी नियम बदलण्यासाठी आरोग्य खात्याला पत्र लिहिलं. मॅडमनीही खाली सही केली. उत्तर अजून आलेलं नाही.

धाकटा एका दुपारी घरी आला, जोडीदाराला घेऊन. जोडीदार दारातच घुटमळत होता. अण्णा म्हणाले, "बस की. उभा का?" तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी चहा केला. निघताना अण्णा भावाला म्हणाले, "तुझं वागणं मला अजून चूकच वाटतं."

"माहितेय, अण्णा."

"तरी येत जा."

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आला. अण्णांनी त्याच्या मागे, जिन्याकडे पाहिलं.

"तो नाही आला?"

"त्याला कामावरून सुट्टी नव्हती."

"मग त्याला सुट्टी असेल तेव्हा या," अण्णा म्हणाले, आणि सरकून धाकट्याला बसायला जागा करून दिली.