ओफेलियाच्या नावावरचा बोनस

पेर्गामिनोत दुपारी एक ते चार दुकानांची शटरं खाली असतात आणि गाव डाराडूर झोपतं. आन्सेल्मोला मात्र, बायको ओफेलिया देवाघरी गेल्यापासून, दुपारची झोप नव्हती. जन्मभर सोफ्यांना कापड चढवलेला हा सत्तरीचा गडी येर्बाचा कडवट चहा ओढत फोन घेऊन बसायचा. दूरच्या नेउकेन शहरातून मुलगा रविवारी फोन करायचा, बीपीच्या गोळ्यांची चौकशी करायचा आणि ठेवून द्यायचा. आठवड्याचं बोलणं काय ते तेवढंच.

फोनवरच्या जुगारात तो शिरला फुकटच्या बोनसपायी. तिथे पैसे भरून घ्यायला एक बाई असते, सगळा व्यवहार मेसेजवर. पहिल्या खेपेला जेवढे भराल तेवढेच वर फुकट. बाईचं नाव मिलेना. तिने पहिल्याच दिवशी लिहिलं, "काय रे राजा, झोप झाली का? जेवलास?" पैशांचं सोडा, वर्षभरात असं कोणी विचारलं नव्हतं. म्हातारा विरघळला.

पण बोनस झाला तसा गूळही संपला. दुसऱ्या खेपेपासून नुसतं, "जमा झाले. खेळा." आपण काय जेवलो ते आन्सेल्मोने तीनदा आपणहून कळवून पाहिलं, उत्तर आलं नाही. लाडीगोडी फक्त नव्या गिऱ्हाइकाला, आणि तीही एका नंबरावर एकदाच.

घरात दुसरा नंबर होता. ओफेलियाच्या फोनचं बिल तो मुलाच्या नकळत भरत राहिला होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो फोन कपाटातून काढून त्याने चार्ज केला आणि मिलेनाला लिहिलं, "मी ओफेलिया. नवीन आहे. बोनस घ्यावा का?"

"या काकू. कशा आहात?"

ओफेलियाला कोणीतरी कशी आहेस म्हणून विचारत होतं. काय लिहायचं ते त्याला पाठ होतं. चाळीस वर्षं तिची कुरकुर ऐकली होती.

"मी बरी आहे गं. नवऱ्याची काळजी वाटते. उभ्या उभ्या ब्रेड खातो नि जेवलो म्हणतो. कोणाशी बोलत नाही. पहिल्यापासून हट्टी मेला."

मिलेनाचं उत्तर आलं, "काकू, खरं सांगते, कोणाला बोलू नका. तो बोनस घेऊ नका. ते पैसे तीसदा जुगारात लावल्याशिवाय बोनस हातात येत नाही, आणि तोवर आपले पैसेही जातात. तो काढलेला माणूस मी अजून पाहिला नाही. त्यापेक्षा काकांना मसुराचा रस्सा करून घाला आणि समोर बसून बोला त्यांच्याशी."

"तुझ्याशी बोललं तर चालेल का?"

"नको काकू. तुम्ही आलात की मला तुम्हाला खेळवावंच लागेल, नोकरीच तसली आहे. माझी आई अशीच बुडाली. मी तुमचा नंबर बंद करते. राग मानू नका."

आन्सेल्मोने चष्मा सावरत घाईघाईने लिहिलं, "थांब गं पोरी, ओफेलिया नाही, मी आहे." त्यापुढे एकच खूण उमटली. पोचल्याची दुसरी उमटेना. स्वतःच्या फोनवरून खरं सांगता आलं असतं, पण मेलेल्या बायकोच्या नावाने तुझ्याशी बोलत होतो, हे कोणत्या तोंडाने लिहिणार?

ओफेलिया गेली तेव्हा निदान शेजारीपाजारी कॉफी घेऊन आले होते, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. आज ती दुसऱ्यांदा गेली, आणि हे सांगायला त्याला कोणी नव्हतं.